उरलेले सात रुपये



बुटीबोरीला नागपूरहून येणारा महामार्ग दुभंगतो. एक फाटा वर्ध्याकडे वळतो, दुसरा जाम-हिंगणघाटावरून हैदराबादच्या दिशेने जातो. या रस्त्यांनी येथील औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली माणसे हेच माझे बहुतेक रुग्ण. कोणी यवतमाळ-चंद्रपूरकडचा, कोणी छत्तीसगडचा, कोणी बिहार किंवा उत्तर प्रदेशातला. महिन्याची दहा तारीख उलटली की माझ्या दवाखान्यातील गर्दी वाढते, कारण तोवर पगार झालेला असतो. दुखणे मागच्या महिन्याच्या वीस तारखेलाच सुरू झालेले असते. पण पगार होईपर्यंत दुखण्याला थांबावे लागते.

गेल्या पावसाळ्यात असाच एक चाळिशीचा कामगार डोके दुखते म्हणून आला. रक्तदाब १७० वर ११०. वर्षभरापूर्वी त्याला गोळ्या सुरू करून दिल्या होत्या, त्या त्याने तीन महिन्यांतच बंद केल्या होत्या. कारण विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “लहान भाऊ इंजिनीअरिंगला आहे, साहेब. त्याची फी भरायची होती.” मी पुन्हा एकदा रक्तदाब मोजावा म्हणून दंडाला पट्टा गुंडाळला, तोच त्याचा फोन वाजला. फोन त्या धाकट्या भावाचाच होता. पट्टा दंडाला तसाच असताना हा म्हणाला, “हो रे, एकदम बरा आहे मी. पैसे उद्या टाकतो.”

रक्तदाब मोजताना बोलू नये, कारण त्याने आकडा वाढतो, हे मी रोज दहा जणांना सांगतो. त्या दिवशी मात्र मला काही बोलवेना. “मी बरा आहे” हे वाक्य फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून मी स्वतः कित्येक वर्षे ऐकत आलो होतो आणि त्यावर विश्वास ठेवत आलो होतो. आजचा लेख त्या वाक्याविषयी, म्हणजेच दूर राहणाऱ्या भावांच्या मायेविषयी आणि तिच्या पोटी लपणाऱ्या आजारांविषयी आहे.

कागलहून कोल्हापूरला

एका भावाने कमवावे आणि दुसऱ्याने शिकावे, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. तिचे सर्वांत परिचित उदाहरण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरचे. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. १८७९ साली वडील कृष्णराव वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव स्वतःच विद्यार्थिदशेत होते. त्यांनी शिक्षण सोडले, कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले आठ रुपये दर महिन्याला कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवण्यास सुरुवात केली.

त्या आठ रुपयांची जाण गोपाळला किती होती, हे सांगणारी एक आठवण त्यांच्या चरित्रांत येते. एक मित्र त्याला नाटकाला घेऊन गेला. मित्रानेच नेले, तेव्हा खर्चही तोच करील, असे गोपाळला वाटले. पण मित्राने नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले. भावाच्या पैशांतून दोन आणे नाटकापायी गेले, याची रुखरुख त्याला एवढी लागली की, ते भरून काढण्यासाठी त्याने दिव्याचे तेल वाचवले आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली बसून अभ्यास केला.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता आपणही नोकरी धरावी आणि दादाचा भार हलका करावा, असे त्याच्या मनात होते. गोविंदरावांनी ते मानले नाही. धाकट्याने महाविद्यालयात जावे म्हणून वहिनींनी आपले दागिने पुढे केले. १८८४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना पस्तीस रुपयांची शिक्षकाची नोकरी लागली. येथवरची गोष्ट कोणत्याही होतकरू धाकट्या भावाची असू शकते. पण १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हावे, म्हणजे तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घ्यावे, असे त्यांनी ठरवले. ज्या भावाने पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्याच्या मनात धाकट्याने चांगली मिळकत करावी अशी आशा असणे स्वाभाविकच होते. तरीही थोरल्याने संमती दिली. माझ्या मते गोविंदरावांचा हा दुसरा त्याग पहिल्याहून मोठा आहे. पहिल्या वेळी त्यांनी पैसे दिले. दुसऱ्या वेळी त्या पैशांच्या परतफेडीची अपेक्षा सोडून दिली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९०५ साली गोखले बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि महात्मा गांधींनी त्यांना राजकारणातले आपले गुरू मानले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांना मधुमेह होता आणि अखेरीस हृदयही दुबळे झाले होते. इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन टोरांटोमध्ये एका मुलाला देण्यात आले ते जानेवारी १९२२ मध्ये. म्हणजे गोखल्यांच्या काळी वैद्यकापाशी या आजारावर खरा उपायच नव्हता. आज उपाय आहेत. पुष्कळदा नसतो तो वेळेवर विचारणारा माणूस.

ही गोष्ट लहानपणापासून ऐकत असूनही तिचे एक अंग माझ्या ध्यानात फार उशिरा आले. आपण सर्व जण त्या आठ रुपयांविषयी बोलतो. पंधरांतून आठ गेल्यावर उरलेल्या सात रुपयांत गोविंदरावांचा संसार कसा चालला असेल, त्यांनी काय खाल्ले, कोणते दुखणे अंगावर काढले, हे आपण विचारत नाही. कृतज्ञता मिळालेल्या आठ रुपयांचा हिशेब ठेवते. खरी माया उरलेल्या सातांची चौकशी करते. हा भेद मला पुस्तकातून नव्हे, तर माझ्या थोरल्या भावाच्या तळपायावरून कळला.

“इकडे सर्व ठीक”

मी बारावीत असताना आमच्या वडिलांना पक्षाघात झाला. त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही होते, हे त्याच वेळी कळले. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पदवीचे शिक्षण अर्धवट टाकून त्याने शेती हाती घेतली. मला नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा घरात आनंदाहून काळजी अधिक होती. ते एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस होते. कापूस मोजून दिला तरी चुकारा हाती पडायला वेळ लागे. दादा कोणाकोणाकडून उसने घेऊन मला मनीऑर्डर करी. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळींचा मजकूर लिहायला जागा असे. तेथे साडेपाच वर्षे एकच मजकूर आला : “अभ्यास करावा. इकडे सर्व ठीक.”

ते कागदाचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. पण “सर्व ठीक” या शब्दांची मी कधी तपासणी केली नाही. मी डॉक्टर झालो, बुटीबोरीत दवाखाना थाटला, मुलांची शिक्षणे झाली. दादा गावीच राहिला. दर रविवारी आमचा फोन होई. मी विचारी, “कसा आहेस, दादा?” तो म्हणे, “मले काय होते? मस्त आहो मी. तुह्या दवाखान्यात गर्दी आहे ना?” मग पाऊस, कापसाचा भाव, सोयाबीनवरची अळी, मुलांच्या परीक्षा असे विषय निघत. पाच-सात मिनिटांत फोन संपे आणि भावाची विचारपूस केल्याच्या समाधानात मी पुढचा आठवडा काढी.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून ते हलक्या हाताने चोळायचे, ही रीत मला पोळ्याच्या मिरवणुकीहूनही प्रिय आहे. चार वर्षांपूर्वी त्याच संध्याकाळी मी गावी होतो. बैलांचे काम आटोपून दादा विहिरीवर पाय धुवायला बसला. त्याच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, हळद भरलेली चिंधी बांधलेली दिसली. ती सोडून पाहिले, तर रुपयाएवढी खोल जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या, आतून घाण वास येत होता. मी जखमेच्या कडेला बोट दाबले आणि विचारले, “दुखते का?” तो सहज म्हणाला, “नाही गा. दुखतच नाही, म्हणून तर सांगितलं नाही.”

जखम दुखत नाही, हे ऐकून रुग्णाला हायसे वाटते आणि डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. मी बॅगेतून ग्लुकोमीटर काढला. साखर ३४८ होती. नागपुरात पुढचे उपचार झाले. जखम हाडापर्यंत गेल्यामुळे एक बोट काढावे लागले. पाय वाचला. महिनाभर उशीर झाला असता, तर तोही वाचला असता की नाही, हे मला सांगता येत नाही.

त्या दिवसांत दोन गोष्टी माझ्या मनाला लागल्या. पहिली म्हणजे दादाचे उत्तर. इतके दिवस सांगितले का नाहीस, असे मी चिडून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तू डॉक्टर झाला तो लोकायसाठी. माह्यासाठी तुले काऊन हलवू?” त्याच्या लेखी मी अजून वसतिगृहातला विद्यार्थी होतो, ज्याच्या अभ्यासात व्यत्यय आणायचा नव्हता. दुसरी गोष्ट वहिनीची. ती हलक्या आवाजात म्हणाली, “दोनदा फोन हाती घेतला होता, भाऊजी. पण यायनं शपथ घातली.”

आणि याहून मोठी तिसरी गोष्ट कोणीच बोलून दाखवली नाही, ती मला स्वतःलाच ठाऊक होती. वडिलांना मधुमेह होता म्हणून वयाच्या पस्तिशीपासून मी माझी स्वतःची साखर दरवर्षी न चुकता तपासत होतो. तोच वडिलांचा वारसा दादाचाही होता. दवाखान्यात प्रत्येक रुग्णाला मी “घरात कोणाला मधुमेह आहे का?” असे विचारतो. माझ्या घरातला तो ‘कोणी’ माझा भाऊ असू शकेल, हे वर्षानुवर्षे मला सुचले नाही. तो देणारा होता. देणारा आजारी पडू शकतो, ही कल्पनाच घेणाऱ्याला शिवत नाही.

भावाचे नाते आणि आरोग्य

सख्ख्या भावंडांचा वारसा एकच असतो आणि लहानपणचे खाणेपिणे, सवयीही बहुधा सारख्याच असतात. म्हणून आई-वडील किंवा सख्खे भावंड यांपैकी एकाला प्रकार दोनचा मधुमेह असेल, तर आपल्याला तो होण्याची शक्यता साधारण दोन ते तीन पटींनी वाढते. वडिलांना किंवा भावाला वयाच्या ५५ वर्षांआधी, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांआधी हृदयविकार झाला असेल, तर तो आपल्यासाठीही धोक्याचा इशारा समजतात. याचा साधा अर्थ असा, की एका भावाला निदान झाले की ती बातमी दुसऱ्या भावाच्या तपासणीची चिठ्ठी असते. दोघे किती दूर राहतात, याने त्यात फरक पडत नाही.

हे झाले शरीराचे. मनाविषयी सांगायचे, तर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून पुरुषांच्या आयुष्याचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यावर आधारित एक संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. वयाच्या विशीपूर्वी ज्यांचे आपल्या भावंडांशी संबंध बिघडलेले होते, त्यांच्यात पन्नाशीपर्यंत नैराश्याचा आजार होण्याचे प्रमाण अधिक आढळले. केवळ दुराव्यामुळेच नैराश्य येते, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि भावंडांचे नाते ही बालपणाबरोबर संपणारी गोष्ट नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते. आई-वडील आधी जातात, पत्नी व मुले नंतर येतात; पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत सोबत करू शकेल असे नाते भावंडांचेच.

कृतज्ञतेचाही शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. एमन्स आणि मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांनी आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टींची नियमितपणे नोंद केली, त्यांना कटकटींची नोंद करणाऱ्यांच्या तुलनेत आयुष्याविषयी अधिक समाधान वाटल्याचे दिसले. पण भावाभावांत ही कृतज्ञता शब्दांत येतच नाही. बहिणीसाठी राखीपौर्णिमा आहे, भाऊबीज आहे. भावाने भावाला ओवाळण्याचा दिवस आपल्या पंचांगात नाही. मग ती कृतज्ञता व्यक्त व्हायची कशी?

काय विचारावे, काय करावे

माझे उत्तर डॉक्टरचे आहे : ती तपासणीतून व्यक्त करावी. “कसा आहेस?” या प्रश्नाला “बरा आहे” हेच उत्तर मिळते, म्हणून तो प्रश्नच बदलावा. दूर राहणाऱ्या भावाला, विशेषतः ज्याने आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या आहेत त्याला, पुढील गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात.

एक, शेवटचा रक्तदाब केव्हा मोजला आणि तो किती होता? वारंवार मोजूनही १४० वर ९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. “डोके दुखत नाही, म्हणजे रक्तदाब नाही” हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

दोन, शेवटची साखर केव्हा तपासली? उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ६.५ टक्के किंवा अधिक, हे मधुमेहाचे आकडे आहेत. काही लक्षणे नसतील, तर तपासणी पुन्हा करून निदान पक्के करतात. तिशीनंतर प्रत्येकाने ही तपासणी करावी. गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व साखर विनामूल्य तपासली जाते.

तीन, पायांना मुंग्या येतात का, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही असे होते का, तळपायाला जखम किंवा भेग आहे का? मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही आणि वेदना नाही म्हणून दुर्लक्ष होते. मधुमेह असलेल्याने रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. शेतात अनवाणी जाऊ नये, घट्टे ब्लेडने कापू नयेत, गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नयेत. चिंधी आणि हळद यांवर एक दिवसही घालवू नये.

चार, गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत? “घेतो” या उत्तरावर थांबू नये. आकडा विचारावा. पैशांअभावी गोळ्या बंद करणारे लोक ते कारण कधीच आपणहून सांगत नाहीत.

पाच, चालताना किंवा चढ चढताना छातीत जड वाटते का, धाप लागते का? शेतकरी आणि कामगार याला ‘थकवा’ म्हणतात. पूर्वी सहज होणारे काम आता थांबून थांबून करावे लागत असेल, तर तो थकवा नव्हे, तपासणी हवी.

आणि हे सारे विचारून झाल्यावर फोन वहिनीकडे द्यायला सांगावे. वहिनीने दिलेली उत्तरे खरी धरावीत.

पैसे पाठवणे सोपे असते. पण थोरल्याच्या हाती पडलेले पैसे बी-बियाणे, खत किंवा नातवाच्या फीकडे वळतात. म्हणून पैशांऐवजी गोळ्या पाठवाव्यात, तपासणीचा दिवस ठरवावा आणि जमल्यास स्वतः सोबत जावे. रुग्णालयाच्या बाकावर भावाशेजारी बसून काढलेले दोन तास हजार रुपयांहून अधिक काम करतात.

दोन इशारेही द्यायला हवेत. एक देणाऱ्यांसाठी. “मी तुझ्यासाठी एवढे केले” हे वाक्य चारचौघांत पुन्हा पुन्हा बोलले गेले, की घेणाऱ्याची कृतज्ञता ओझे होऊन बसते. मग तो फोन टाळू लागतो आणि वाटणीच्या वेळी सातबाऱ्याआडून जुने हिशेब निघतात. दुसरा घेणाऱ्यांसाठी. भावाचे ऋण फेडून मोकळे होण्याची घाई करू नये. गोखल्यांनी घरची जबाबदारी उचलली तरी ते आठ रुपये फिटले, असे त्यांना वाटले असेल असे मला वाटत नाही. काही ऋणे फेडण्यासाठी नसतात, जपण्यासाठी असतात.

आणि देणाऱ्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे. आपले दुखणे लपवणे हा त्याग नव्हे. तुमच्या खर्चाने शिकलेल्या, मोठ्या झालेल्या धाकट्याला तुमच्या उपयोगी पडण्याची संधी तुम्ही नाकारता, आणि एक दिवस त्याला असा अपराधभाव देऊन जाता, जो कोणत्याही औषधाने जात नाही. मला तो चार वर्षांपासून आहे. माझे नशीब एवढेच, की माझा दादा अजून आहे.

दंडाला पट्टा असताना “बरा आहे मी” म्हणणाऱ्या त्या कामगाराकडून मी एक वचन घेतले. त्याच्यासमोरच त्याच्या धाकट्याला पुन्हा फोन लावायला सांगितला आणि आकडा त्यानेच भावाला सांगावा, असा आग्रह धरला. तो सांगताना फार अडखळला. पलीकडचा मुलगा बराच वेळ गप्प होता. आता दर महिन्याला गोळ्या संपायच्या आत त्याचा भावाला फोन येतो आणि पाकिटात किती गोळ्या उरल्या ते विचारतो. गेल्या दोन महिन्यांत रक्तदाब १४० च्या खाली आहे.

दादा आता मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल घालतो. पहिले सहा महिने त्याने तिची थट्टा केली, आता तिच्याशिवाय अंगणातही उतरत नाही. गेल्या पोळ्याला आम्ही दोघांनी मिळून बैलांचे खांदे शेकले. ते आटोपल्यावर मी दादाला खाटेवर बसवले आणि दिव्याच्या उजेडात त्याचे दोन्ही तळपाय नीट पाहिले. तो संकोचला, “लहान भावानं पाय धरावे होय?” म्हणाला, पण पाय मागे घेतले नाहीत.

रविवारी अजून आमचा फोन होतो. कापसाच्या भावाआधी तो आता साखरेचा आकडा सांगतो.

आपल्या भावाचा आकडा आपल्याला ठाऊक आहे का? हा अंक हातावेगळा करण्याआधी एक फोन करावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित,
आपले डॉक्टर, बुटीबोरी